गोळोबाचा कौल

मित्रांनो, आहात तिथेच बसा. त्या पिवळ्या पट्टीच्या आत एक पाऊलही टाकू नका. मी हळू बोलत असलो तरी तुम्हाला तिथून ऐकू येईल. आजवर लोकांनी माझं बोलणं अगदी जवळ येऊन, कान लावून ऐकलं, आणि तिथेच घोटाळा झाला.

मी एक जुना तोफेचा गोळा आहे, आणि माझं पोट अजून भरलेलं आहे. कोलशेतच्या खाडीकाठी या मोकळ्या मैदानात मला खड्ड्यात ठेवलंय. भोवती वाळूच्या गोण्या रचल्यात. जाड कपडे घातलेला एक पोलीस वायर सोडत सोडत मागे चाललाय. त्याचं काम होईपर्यंत मला सवड आहे, तेवढ्यात माझी गोष्ट सांगून टाकतो.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडे, साहेबाच्या देशातल्या एका भट्टीत झाला. तुम्ही किल्ल्यांवर जे गोळे पाहता ते बहुतेक भरीव असतात. भिंतीवर आदळायचं आणि खाली पडायचं, एवढीच त्यांची अक्कल. माझी घडण निराळी. वाळूच्या साच्यात मधोमध मातीचा एक गोळा बसवला आणि त्याच्याभोवती लोखंडाचा रस ओतला. रस थिजल्यावर ती माती एका लहानशा भोकातून खरवडून काढली. आत उरला तो नुसता अंधार. लोक मला लोखंड म्हणतात खरं, पण माझ्यात महत्त्वाचा आहे तो हा अंधार. लोखंड हे त्याच्यावरचं कातडं.

त्या अंधारात दारू भरली. दारू म्हणजे तोफेची, सोरा, गंधक आणि कोळसा एकत्र कुटून केलेले काळे दाणे. ती आत आली आणि त्या दिवसापासून मी एकटा असा कधी राहिलोच नाही. मी हललो की ती हलते. मी थांबलो की ती थोडा वेळ सरसरते आणि मग ऐकत बसते. काय ऐकते ते मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

भोकात लाकडाची एक खुंटी ठोकली. खुंटीच्या पोटात दारूच, पण घट्ट ठासलेली, म्हणजे हळूहळू जळणारी. ही माझी वात. सगळी करामत या वातीत असते. गोळा दूर जायचा असेल तर वात लांब ठेवायची, जवळ पडायचा असेल तर आखूड कापायची. वात जळत जळत पोटापर्यंत पोचली की आतली दारू पेट घेते, आणि गोळ्याचे तुकडे चहूकडे उडतात. ते तुकडे माणसांसाठीच असतात, मित्रांनो. माझ्या जन्माचा हेतू तोच होता आणि तो मी लपवत नाही.

तेव्हाच्या तोफा तोंडातून भरत. आधी दारूची पिशवी, मागून मी. लांब दांड्याने आम्हाला तळापर्यंत ढकलायचं. माझ्या बुडाशी लाकडाची एक बैठक पत्र्याच्या पट्ट्यांनी बांधलेली असे. ती कशाला? तर मी आत जाताना गडबडू नये आणि वातीचं तोंड बाहेरच्या बाजूला राहावं म्हणून. वात दारूच्या पिशवीकडे वळली, तर माझ्याबरोबर तोफ आणि गोलंदाज दोघांचाही निकाल. मग वात पेटवतो कोण? तोफ उडते तेव्हा मी आणि नळी यांच्यामधल्या फटीतून आगीची जीभ पुढे येते आणि जाता जाता वातीला चाटून जाते. म्हणजे मी तोफेबाहेर पडतो तोच जळत.

मी असा एकदाच उडालो. लढाईबिढाई काही नव्हती, याच खाडीत एक तराफा सोडून साहेबाचे गोलंदाज नेम धरायचा सराव करत होते. कुणाचा तरी अंदाज चुकला आणि माझी वात जास्त लांब राहिली. मी तराफ्याच्या डोक्यावरून सूं करत गेलो आणि पलीकडच्या चिखलात खोल रुतलो. खाडीच्या चिखलाने माझं जळतं तोंड दाबून धरलं. आग पोटापासून जेमतेम बोटभर लांब होती, तिथेच ती विझली.

नंतरचा काळ मी मोजला नाही. भरती यायची, ओहोटी लागायची, खेकडे माझ्यावरून चालायचे. राज्यं बदलली, काठावर कारखाने आले, चिखलात रंगीत पाणी उतरू लागलं. माझी बैठक कुजून गेली. खुंटीचं बाहेरचं टोकही झिजलं, पण भोकात मात्र चिखल सिमेंटसारखा बसला. आत ती कोरडी राहिली आणि वाट पाहत राहिली.

मग पोपट आला. हा पोपट मूळचा गुहागरकडचा, इथे कारखान्यात कामाला. सुटीच्या दिवशी ओहोटी पाहून निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे मासे, पकडायला चिखलात उतरायचा. एकदा त्याचा पाय भलत्याच जागी पडला आणि तो मांडीपर्यंत आत गेला. हलावं तेवढं खाली. पाणी चढायला लागलेलं. तेवढ्यात त्याच्या टाचेला मी लागलो. माझ्यावर जोर देऊन तो वर निघाला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, याला आख्खं लोखंड मिळालं. दुसऱ्या दिवशी तो फावडं घेऊन आला, मला उकरून काढलं, पोटाशी धरून घरी नेलं आणि बायकोला म्हणाला, "विमल, ह्याने मला वाचवला. हा साधा दगड नाय."

मानला तर देव, नाहीतर दगड, असं आपल्याकडे म्हणतात. विमलाबाईंनी मानलं. मला आंघोळ घातली, तेलात कालवून शेंदूर फासला, चांदीचे डोळे मेणाने चिकटवले आणि पितळी ताटात बसवलं. माझं नाव पडलं गोळोबा. माणसं फाडायला जन्मलेल्या मला कुणीतरी रोज सकाळी फूल वाहू लागलं. माझ्या पुढ्यात, वीतभर अंतरावर, समई तेवू लागली. तिची ऊब लोखंडातून आत झिरपायची आणि पोटातली ती कूस बदलायची. विमलाबाई डोळे मिटून हात जोडून बसलेल्या असायच्या. मला त्यांची भीती वाटायची, म्हणजे त्यांच्यासाठी वाटायची.

आता कौलाचं सांगतो. कोकणातल्या देवळांत देवाला प्रश्न विचारून कौल लावतात हे तुम्हाला ठाऊक असेल. विमलाबाई एकदा ताट घासायला मला उचलत होत्या. मी कलंडलो, आणि आतून आवाज आला. सर्रर्र. कोरड्या वाळूवरून कुणी हळूच सरपटावं तसा. विमलाबाई जागीच थांबल्या. त्यांनी कान माझ्या अंगाला लावला आणि पुन्हा कलंडवलं. सर्रर्र. त्या दिवसापासून घराची रीतच ठरून गेली. महत्त्वाचं काही असलं की मला आंघोळ घालायची, प्रश्न विचारायचा, डावीकडे कलंडवायचं. आवाज आला तर देव हो म्हणाला. नाही आला तर नाही.

खरं काय ते तुम्ही ओळखलंच असेल. तो आवाज तिचा होता. आणि तिला एकच शब्द येतो, हो. काहीही विचारा, कुणाच्याही भल्याचं किंवा वाईटाचं, ती हो म्हणते. घरात आल्यावर भोकातला चिखल वाळून त्याला बारीक भेगा पडल्या होत्या. पावसाळ्यात हवा दमट झाली की तिथून ओल आत शिरते, तिचे दाणे एकमेकांना चिकटतात, आणि मग ती निजते. घरातले म्हणायचे, देव पावसात मौन धरतो.

विमलाबाईंच्या मुलाला, सुदेशला, हिवाळ्यात संचिताचं स्थळ आलं, तेव्हा ती हो म्हणाली. लग्न झालं आणि चांगलं झालं. पण त्याच्या आधी एका श्रावणात सुदेशला बोटीवर नोकरी लागली होती. मुलगा हरखून गेला होता, बॅग भरून तयार होती. विमलाबाईंनी मला कलंडवलं. मी गप्प. पुन्हा कलंडवलं, तरी गप्प. बाहेर पाऊस कोसळत होता आणि पोटातली गाढ झोपलेली. "देव नको म्हणतोय, बाळा," विमलाबाई म्हणाल्या. सुदेशने बॅग रिकामी केली. पुढे तो डोंबिवलीत एका केमिकल कंपनीत लागला आणि रोज लाल डोळ्यांनी घरी येऊ लागला. पोपट वारल्यावर घराचं सगळं त्याच्यावर आलं. तो माझ्याकडे पाठ करून जेवायचा. मला त्याचं फार वाईट वाटायचं, पण ज्याच्या हाती काही नाही त्याच्या वाईट वाटण्याला काय किंमत?

यंदा आमची चाळ पाडायची ठरली. नवी इमारत होईपर्यंत दिवा गावात भाड्याने खोली घेतली. सामान बांधायला लागल्यावर सुदेशच्या डोक्यात माझा विषय आला. मी गोल, टेम्पोत गडगडणार. शिवाय नव्या खोलीत देव्हारा उंच, तिथून संचिताच्या डोक्यात पडलो तर? मुलाचा विचार काही चुकीचा नव्हता. मला खालून भोक पाडायचं, सळई बसवायची आणि संगमरवराच्या तुकड्यावर पक्कं करायचं, असं त्याने ठरवलं. ग्रिल बनवणारा साईनाथ ड्रिल मशीन घेऊन आला. भर दुपार होती, मे महिना. पंखा गरम वारा फेकत होता आणि पोटातली ती कोरडी ठणठणीत, टक्क जागी होती.

साईनाथने मला उलटं केलं, दोन पायांत धरलं आणि ड्रिलचं टोक माझ्या बुडाला टेकवलं. मित्रांनो, लोखंडात ड्रिल फिरलं की काय होतं ते तुम्ही पाहिलंय. टोक तापतं, ठिणग्या उडतात. माझ्या कातडीची जाडी ती केवढी. शेजारी संचिता वर्तमानपत्रात कपबशा गुंडाळत होती. सुदेश माझ्यावर वाकून बघत होता.

"थांब रे जरा," विमलाबाई म्हणाल्या. "विचारलं नाय त्याला."

"आई, आता ह्यात काय विचारायचं?" सुदेश वैतागला. "देवाला बसवतोय ना नीट? फेकून देतोय काय?"

"घर बदलताना विचारलं, आणि त्याच्या अंगाला हत्यार लावताना नको?"

साईनाथने ड्रिल बाजूला ठेवलं. त्या कार्ट्याला काय, चहा मिळणार होता. विमलाबाईंनी मला मांडीवर घेतलं, तोंडाने काहीतरी पुटपुटल्या आणि कान लावून डावीकडे कलंडवलं. मला नाही म्हणायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला मनापासून काहीतरी म्हणायचं होतं. पण मला आवाज नाही, आवाज तिला. आणि ती म्हणाली, सर्रर्र. इतकं स्पष्ट, इतक्या आनंदाने ती कधीच बोलली नव्हती.

विमलाबाई बराच वेळ कान लावून बसल्या. मग त्यांनी मला हळूच ताटात ठेवलं.

"नाय म्हणतोय," त्या म्हणाल्या. "भोक पाडू नका."

सुदेश उठून बाहेर गेला. साईनाथने वायर गुंडाळली. "मावशी, पटकन होणारं काम होतं," म्हणत त्याने उभ्याउभ्याच चहा संपवला आणि तो गेला.

संचिता जवळच बसली होती. तिने आवाज ऐकला होता. खोलीत दोघीच उरल्यावर तिने विचारलं, "आई, आवाज आलेला ना? मी ऐकला."

विमलाबाई माझ्या अंगावरची धूळ पदराने पुसत होत्या. "आला," त्या म्हणाल्या. "हो म्हणाला तो. पण अगं, त्याच्या अंगात ते गरगर फिरणारं खुपसायचं? ह्यांना त्याने चिखलातून काढला. माझ्यानं नाय बघवत."

"म्हणजे तुम्ही देवाच्या नावाने खोटं बोललात?"

"बोलले. बघून घेईल तो माझं काय करायचं ते."

मित्रांनो, त्या घरातली तीन माणसं आणि साईनाथ, आज जी जिवंत आहेत ती या खोट्यामुळे. विमलाबाईंना आत काय आहे हे ठाऊक नव्हतं, जराही नव्हतं. मला दुखेल एवढंच त्यांना वाटलं.

नंतरची गोष्ट लवकर घडली. शेंदराचे थर वर्षानुवर्षं चढत गेले की देव कधीतरी खोळ सोडतो, म्हणजे ते जाड कवच आपोआप गळून पडतं. साईनाथच्या हाताळणीने माझ्या कवचाला तडा गेला होता. दोन दिवसांनी संचिता मला जुन्या साडीत गुंडाळायला लागली तेव्हा खोळ अख्खीच्या अख्खी निघून तिच्या हातात आली. चांदीचे डोळे जमिनीवर पडले. खाली मी होतो, उघडा, काळा, आणि माझ्या अंगावर खुंटीचं ते गोल तोंड. शेंदराबरोबर भोकातला चिखलही निघाला होता. खुंटीच्या कडेने चिमूटभर काळे दाणे वर्तमानपत्रावर सांडले.

संचिताने बोटावर दाणे घेतले आणि नाकाशी नेले. "अहो," तिने सुदेशला हाक मारली, "ह्याला फटाक्यांचा वास का येतोय?"

सुदेश केमिकलमध्ये काम करणारा माणूस. त्याने वास घेतला, खुंटी पाहिली, आणि तो देव्हाऱ्याकडे वळला. देव्हाऱ्यातली समई त्याने फुंकून विझवली. दिवा फुंकू नये म्हणतात, पण तेव्हा कुणी टोकलं नाही. "हात लावू नको त्याला. आहे तसा राहू दे," तो म्हणाला. "आईला घेऊन बाहेर पड. शेजारी सांग. गॅस कुणी पेटवू नका म्हणावं." मग त्याने पोलिसांना फोन केला.

देवाला सोडून जाणार नाही म्हणून विमलाबाई दारात अडून बसल्या. काय झालं ते सुदेशने त्यांना सांगितलं. पोटात दारू आहे, आवाज तिचाच होता. सांगता सांगता तो मध्येच थांबला. पुढचं त्याला तेव्हाच उमगलं असावं.

"पावसात ओली व्हायची ती," तो हळू म्हणाला. "म्हणून तेव्हा आवाज नाय आला. मी सिलेक्ट झालेलो आई. बॅग भरून बसलेलो."

विमलाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्या क्षणी त्या फार म्हाताऱ्या दिसल्या. "मला नव्हतं रे ठाऊक," एवढंच त्या म्हणाल्या. मला वाटलं आता तो ओरडणार, आणि त्याने ओरडावं असा त्याचा हक्कही होता. त्याने खाली वाकून आईला दोन्ही हातांनी उठवलं आणि तिच्या चपला शोधून तिच्या पायात घातल्या. मग ती दोघं चाळीबाहेर गेली. मी खोलीत उरलो, ती आणि मी.

पोलिसांनी मला ओल्या वाळूच्या बादलीत ठेवून इथे आणलं, वस्तीपासून लांब उडवून द्यायला. फार अलगद आणलं. तान्ह्या मुलालाही कुणी इतकं जपून नेत नाही.

मघाशी एक गोष्ट घडली, ती सांगायची राहिलीच. विमलाबाई त्या पट्टीपाशी आल्या होत्या. हवालदार महिपत त्यांना मागे सारत होते. "आजी, पुढे नका येऊ, ऐका माझं." विमलाबाई हात जोडून म्हणाल्या, "साहेब, इतकी वर्षं सेवा केली. एकदा हात लावते आणि येते." महिपत नाही म्हणाले. मग विमलाबाईंनी तिथूनच माझ्याकडे तोंड केलं आणि नेहमीसारखं विचारलं, "देवा, एकदा जवळ येऊ का?"

मित्रांनो, ऊन रणरणत होतं. आत ती कोरडी होती, जागी होती, हो म्हणायला आसुसलेली होती. खड्ड्याच्या कडेची वाळू जराशी घसरली आणि मी कलंडणार असं मला वाटलं. मी सगळा भार बुडाशी घेतला. इतकी वर्षं मी नुसता तिचं घर होतो. आज पहिल्यांदा मी तिला धरून ठेवलं, हलू दिलं नाही.

काही आवाज झाला नाही. विमलाबाई कान देऊन उभ्या होत्या. मग त्यांनी मान हलवली. "नको म्हणतोय," त्या महिपतना म्हणाल्या, आणि वळून सुदेशचा हात धरून चालू लागल्या. इतक्या कौलांमधला तो एकटा कौल माझा होता.

आता माझं मागणं ऐका. माझ्यासारखे अजून आहेत. खाडीच्या चिखलात, पाडलेल्या घरांच्या पायात, एखाद्याच्या अंगणात दाराला टेकण म्हणूनसुद्धा. गोल, जड, गंजलेलं, अंगावर बुजलेलं भोक असलेलं काही सापडलं तर त्याला उचलू नका, घासू नका, तापवू नका, भंगारात नेऊ नका. हलवून आत काय वाजतंय ते तर मुळीच बघू नका. जागा लक्षात ठेवा, आल्या पावली मागे फिरा आणि मोठ्यांना सांगून पोलिसांना कळवा. जुन्या वस्तू जपा असं तुम्हाला बाकी सगळे सांगतात. मला जपू नका. माझ्यावर प्रेम असेल तर माझ्यापासून लांब राहा, विमलाबाई आज राहिल्या तशा.

तो वायरवाला पोलीस लांबच्या गोण्यांमागे जाऊन बसलाय. त्याने हात वर केलाय. पोटातली ती ऐकतेय, आणि या वेळी तिने हो म्हणावं असंच मलाही वाटतं.

मित्रांनो, कान झाका.